चहानंतरचे सात घोडे

सदाभाऊ घाडी गेल्याचं कळलं तेव्हा गाडीवेड्या पोरांच्या ग्रुपवर धडाधड संदेश पडायला लागले. 'मुंबईतला सगळ्यात भारी डायनोवाला गेला.' 'असा माणूस होणे नाही.' मी गिरगावातल्या माझ्या खिडकीशी बसून ते वाचत होते आणि रडू यायच्या ऐवजी मला हसू फुटलं, कारण यातला एकूण एक संदेश सदाभाऊंनी परत पाठवला असता. त्यांना कुणी काहीही चांगलं, वाईट, भारी किंवा फालतू म्हटलं की ते चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "कशापेक्षा?"

हा प्रश्न गाड्यांपुरता नव्हता. आज उकडतंय म्हणावं, तर कशापेक्षा. दाखला मिळवायला फार हेलपाटे पडले म्हणावं, तर कशापेक्षा. भोईवाड्यातल्या त्यांच्या घरी मी एकदा जेवायला गेले होते. सुलभावहिनींनी बांगड्याचं तिखलं वाढता वाढता विचारलं, "आज बरां झालासा मा?" सदाभाऊ पानातून मान वर न काढता म्हणाले, "कशापेक्षा?" वहिनींनी पळी तशीच हवेत धरली. "काल भायर खाऊन इलात, तेच्यापेक्षा." सदाभाऊंनी मुकाट्याने आणखी दोन तुकड्या घेतल्या. त्यांच्या प्रश्नाला तोडीस तोड उत्तर देणारं माणूस त्यांना घरातच मिळालं होतं.

माझी त्यांची ओळख कामातून झाली. मी गाड्यांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणते. म्हणजे नवी गाडी घेतल्यावर जे जाडजूड पुस्तक डॅशबोर्डच्या खणात जातं आणि गाडी विकेपर्यंत तिथून बाहेर येत नाही, ते मी लिहिलेलं असतं. कुणी वाचत नाही म्हणून वाट्टेल ते लिहावं, हे मला जमत नाही. हा माझा जुना आजार आहे. टॉर्क आणि पॉवर यांत फरक काय, हे तीन इंजिनीयरांना विचारून झालं होतं आणि तिघांनी मला तीन सूत्रं ऐकवली होती. मग कुणीतरी सांगितलं, वडाळ्याला यार्डाच्या बाजूला एक शेड आहे, तिथे घाडींना भेटा.

गेले, तर एका गाडीवर तोफेच्या तोंडी दिल्यासारखी वेळ आलेली. जमिनीत बसवलेले दोन लोखंडी रोलर, त्यांवर गाडीची पुढची चाकं, आणि गाडी चारी बाजूंनी जाड पट्ट्यांनी जखडलेली. समोर माझ्याहून उंच पंखा. आत बसलेल्याने ॲक्सिलरेटर दाबला तशी ती गाडी जागच्या जागी ताशी शंभराच्या वर पळाली आणि कुठेही गेली नाही. त्या रोलरांवरून चाकांचा जोर मोजायचा आणि त्याचा आलेख काढायचा, यालाच डायनो म्हणतात. आवाज थांबल्यावर एक बुटका, सडसडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला माणूस माझ्याकडे आला. गॅरेजातल्या माणसाचा शर्ट इतका पांढरा कसा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी माझी शंका विचारली. त्यांनी सूत्र सांगितलं नाही. कपाटातून लोणच्याची बरणी काढली आणि माझ्या हातात दिली. "उघडा."

मी जोर लावून झाकण फिरवलं.

"हा जो जोर लावलात ना मॅडम, तो टॉर्क. आणि असा जोर लावून एका मिनिटात किती बरण्या उघडाल, ती पॉवर. आता आलात तर लोणचं घेऊन जा, तुमच्या वहिनींनी घातलंय."

त्या दिवसापासून मी महिन्यातून एकदा तरी वडाळ्याला जायला लागले. कधी शब्दासाठी, कधी शब्दाचं निमित्त करून.

सदाभाऊंचे वडील गिरणीत सूत तपासायच्या खात्यात होते. सूत ताणायचं, कुठल्या वजनाला तुटतं ते लिहायचं, पुढचं घ्यायचं. सदाभाऊ म्हणत, "आमच्या बाबांनी जन्मभर चांगलं सूत तोडलं आणि त्याचा पगार घेतला." मुलानेही तेच काम उचललं, फक्त सुताच्या जागी इंजिनं आली. चाचणीआधी ते चारही टायरमधली हवा स्वतः मोजत. पट्टा दर वेळी सारखाच आवळला जावा म्हणून एका ठरावीक भोकापर्यंतच ओढत, कारण पट्टा जास्त आवळला तर टायर रोलरवर दबतो आणि आकडा बदलतो. गाडी नेहमी चौथ्या गियरमध्ये. खिडक्या बंद, एसी बंद, गाडीत एकच माणूस. तीनदा पळवायची, तिन्ही आकडे लिहायचे. मग आलेखाची प्रत काढून खाली शाईच्या पेनाने सही करायची, 'स. वि. घाडी'. ती सही त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट होती. मी त्यांना एकदा चिडवलं, "बँकेच्या चेकवरसुद्धा तुम्ही एवढ्या काळजीने सही करत नसाल." ते म्हणाले, "चेक एकदाच वटतो मॅडम. हा कागद पोरं दहा ठिकाणी दाखवतात."

लालबागचा एक पोरगा नवा सायलेन्सर बसवून आला होता. गाडीचा आवाज असा, की बाजूच्या शेडमधली कबुतरं उडून गेली. "काका, वीस घोडे तरी वाढलेत. कानाला कळतंय." हॉर्सपॉवरला तिथे सगळे घोडेच म्हणत. सदाभाऊंनी गाडी तीनदा पळवली. सायलेन्सर बसवण्याआधी इथेच मोजलेल्यापेक्षा दोन घोडे कमी निघाले. पोराचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. दुसरा कुणी असता तर त्याला चार शब्द ऐकवले असते. सदाभाऊंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाले, "आवाज आवडतो ना? मग ठेव. आवाजासाठी ठेव. फक्त पोरांना वीस सांगू नको." पोराने सायलेन्सर ठेवला आणि पुढे चार मित्रांना सदाभाऊंकडे पाठवलं.

आता नितीनबद्दल सांगायला हवं. नितीन सदाभाऊंचा भाचा. आई लवकर गेली, बापाने दुसरं लग्न केलं, तेव्हा सातवीतल्या नितीनला सदाभाऊंनी भोईवाड्याला आणलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. मी पाहिला तेव्हा तो पस्तिशीचा होता, आणि ट्यूनिंगचं काम तो करायचा. कंपनी गाडी देते तेव्हा इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये एक फाइल असते; पेट्रोल किती, हवा किती, ठिणगी केव्हा, हे ती ठरवते. हिला स्टॉक म्हणायचं. नितीन तीच फाइल बदलून गाडीत पुन्हा घालायचा, म्हणजे गाडी जास्त जोर देते. मामाने आधी स्टॉक मोजायचं, मग भाच्याने फाइल घालायची, मग मामाने परत मोजायचं. दहा घोडे वाढले, अकरा वाढले, आणि खाली स. वि. घाडी. त्या सहीमुळे नितीनच्या फायलीला मुंबईभर मान होता. तो नवी मुंबईत स्वतःचं दुकान काढायच्या बेतात होता. सदाभाऊ त्याचं कौतुक तोंडावर कधी करत नसत, पण त्याची फाइल घातलेली गाडी आली की पट्टे स्वतः बांधत.

फाइल गाडीत जायला वीसेक मिनिटं लागत. ती वीस मिनिटं म्हणजे त्या शेडचा सण. पत्र्याची शेड, भट्टी तापल्यासारखी. कोपऱ्यावरून चहा यायचा, गाडीचं बॉनेट उघडंच असायचं, आणि तो राक्षसी पंखा चालू ठेवून आम्ही सगळे त्याच्यासमोर कटिंग घेऊन उभे राहायचो. गिऱ्हाईक, नितीन, सदाभाऊ, मी. माझे केस उभे राहायचे आणि चहा कपातल्या कपात निवायचा. त्या पंख्यासमोर उभं राहणं ही तिथली रीतच होती. चहा झाल्याशिवाय ट्यूनची चाचणी व्हायची नाही.

एका दुपारी दादरचे एक दातांचे डॉक्टर आले, सामंत नावाचे. टर्बो इंजिनाची छोटी गाडी. स्टॉक मोजलं, फाइल घातली, चहा झाला, परत मोजलं. सात घोडे जास्त. डॉक्टर गाडी घेऊन एक चक्कर मारून आले आणि खिडकीतूनच ओरडले, "घाडीसाहेब, गाडी उडते हो!" सदाभाऊंनी सही केली, डॉक्टर गेले.

अर्ध्या तासाने नितीनने आवरायला घेतलेला लॅपटॉप पुन्हा उघडून पाहिला. मग म्हणाला, "मामा, लोचा झाला. मी चुकून स्टॉकचीच फाइल परत घातली. आपली घातलीच नाय."

मला आधी कळलं नाही त्यात काय एवढं. डॉक्टरांना बोलावून बरोबर फाइल घालायची, झालं. सदाभाऊ मात्र खुर्चीवर बसले ते उठेनात. मग हळूच विचारलं, "स्टॉकच होती?"

"हो."

"मग सात घोडे आले कुठून?"

पंखा अजून चालू होता. सदाभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, तुमची गाडी जरा द्या."

माझी गाडीही टर्बोच होती, मुलाच्या हट्टापायी घेतलेली. ती रोलरवर चढली. तीनदा पळवली. मग फाइलबिईल काही न घालता बॉनेट उघडलं, पंखा लावला आणि आम्ही वीस मिनिटं थांबलो. चहा मागवला होता, पण सदाभाऊंनी घेतला नाही. परत पळवली. सात जास्त. मग पंखा बंद करून, इंजिन तापवून, मध्ये न थांबता पळवली. सातही गेले.

गोष्ट साधी होती. गाडी येते ती परळ-लालबागच्या ट्रॅफिकमधून तापून. स्टॉकच्या तीन फेऱ्यांत आणखी तापते. गरम हवा विरळ असते, इंजिनात कमी मावते, जोर कमी मिळतो. मग आम्ही पंख्यासमोर चहा पितो, आणि आमच्याबरोबर गाडीही थंड होते. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध असल्याची खात्री सदाभाऊ दर वेळी करत. पण तो काटा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, आत जाणाऱ्या हवेचा नव्हे. म्हणजे इतकी वर्षं दर ट्यूनच्या आकड्यात नितीनची फाइल होती आणि आमचा चहा होता. टायर, पट्टा, गियर, सगळं सांभाळणाऱ्या माणसाला सगळ्यांनी मिळून प्यायलेला चहा दिसला नव्हता. जन्मभर "कशापेक्षा?" विचारणाऱ्याने गरम गाडीशी थंड गाडीची तुलना केली होती.

"सगळ्यांना परत बोलवायचं," सदाभाऊ म्हणाले.

नितीन हसला. त्याला ती गंमत वाटली. मग त्याच्या लक्षात आलं.

"मामा, येडा झालास काय? कोणाला कळणार आहे?"

"आपल्याला कळलं ना."

"अरे, सगळे असंच करतात. आख्खी मुंबई असंच मोजते. आणि लोक खूश आहेत! कोणी तक्रार घेऊन आलंय का?"

"खूश आहेत ते त्यांचं. सही माझी आहे."

"सही तुझी आणि नाव माझं!" नितीनचा आवाज चढला. "लोकांना दहा सांगितले, आता तीन सांगणार? मी काय तोंड दाखवू? दुकान काढतोय मी मामा, तुला माहितेय." आणि मग तो ते बोलला, जे बोलायला नको होतं. "तुझा पोरगा असतो तर असं केलं असतंस काय?"

मी सोबत आणलेल्या शब्दकोशात डोकं घातलं. मला तिथून उठून जायचं होतं आणि उठता येत नव्हतं. सदाभाऊ घरच्या बोलीत, अगदी हळू म्हणाले, "माझो झिल असतंस तर कालच बोलावलं असतंय सगळ्यांका."

नितीन चावी घेऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. नंतरही नाही. त्याने वडाळ्यातच मित्राबरोबर खोली घेतल्याचं वहिनींकडून कळलं. जेवायलाही येत नव्हता. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर नितीनपेक्षा सदाभाऊंचाच जास्त. मी त्यांना बोलले, "सात घोड्यांसाठी पोर घालवताय तुम्ही. पुढच्या चाचण्या नीट करा, झालं-गेलं विसरा." त्यांनी ऐकून घेतलं. मग चाचण्यांची जुनी वही काढली आणि पहिल्या पानावरचा पहिला नंबर फिरवला.

"नमस्कार, घाडी बोलतोय, डायनोवाला. तुमच्या आलेखावर मी चुकीची सही केलीय. गाडी घेऊन या, परत मोजून देतो."

वर्षभर हे चाललं. प्रत्येकाला ते पंख्याची आणि चहाची गोष्ट पहिल्यापासून सांगत, स्वतःची चूक म्हणून. नितीनचं नाव कधी घेतलं नाही. सामंत डॉक्टर पोट धरून हसले. म्हणाले, "मी भुलीची सुई टोचायच्या आधीच काही पेशंट म्हणतात, डॉक्टर, बधिर झालं. आज मी त्यांतला!" एकाने सगळ्यांसमोर आलेख फाडला आणि नको ते बोलला; सदाभाऊंनी कागदाचे तुकडे गोळा केले. आणि एक शांत मुलगा होता, भायखळ्याचा, तो नवा आलेख बघून म्हणाला, "काका, नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. मी खूश होतो." पुढे कितीतरी दिवस ते मधूनच मला विचारत, "त्या पोराला सांगायला नको होतं का हो मॅडम?" मलाही सांगता आलं नाही. आजही येत नाही.

पण त्या वर्षात मी त्यांच्याकडे पाहत होते आणि माझा राग कसा कधी उतरला ते कळलंच नाही. गुडघे दुखत असताना हा माणूस दिवसाला दोन दोन गाड्या परत मोजत होता, कुणी मागितलेलं नसताना. चहा आता चाचणी संपल्यावर, शेडच्या बाहेर, उन्हात. मी मोठ्या मोठ्या लोकांची भाषणं ऐकलीत, सत्य-बित्य यांवरची. ती मला आठवत नाहीत. पांढऱ्या शर्टातले सदाभाऊ अनोळखी पोरासमोर उभे राहून "माझं चुकलं" म्हणतात, ते आठवतं. त्या माणसावर माझा फार जीव होता. त्यांच्यासमोर हे कधी म्हणाले नाही.

आणि दर संध्याकाळी शेड बंद करताना ते रस्त्याच्या टोकापर्यंत एकदा पाहत. कुणाची वाट पाहताय, असं मी विचारलं नाही.

मग एका मंगळवारी दुपारी मी बसले असताना एक गाडी आत आली आणि तिच्यातून नितीन उतरला. दाढी वाढलेली. मामाकडे न पाहता म्हणाला, "नवी फाइल बनवलीय. चार महिने लागले. मोजतोस?"

सदाभाऊ म्हणाले, "चढव."

दोघांनी मिळून पट्टे बांधले. बोलणं फक्त कामाचं. नितीन गाडीत बसला, सदाभाऊ लॅपटॉपशी. स्टॉक, तीन फेऱ्या. मग फाइल. पंखा बंद. फाइल गेल्यावर इंजिन परत तेवढंच तापवलं, आत येणाऱ्या हवेचं तापमान आता वेगळ्या यंत्रावर दिसत होतं, ते जुळल्यावर तीन फेऱ्या. शेडमध्ये इतकं उकडत होतं की माझा चष्मा धुरकटला होता.

सहा घोडे. गरम इंजिनावर, खरे सहा. मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या. सदाभाऊंनी आलेख काढला आणि खिशाचं पेन उघडलं.

"मामा, थांब," नितीन गाडीतून म्हणाला. "परत स्टॉक घालतो. परतीचं मोजल्याशिवाय नको करूस सही."

सदाभाऊ पेन हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. मग "घाल" म्हणाले आणि माझ्याकडे पाठ करून उगाच बंद पंख्याची वायर तपासायला लागले.

परतीचं स्टॉक आधीच्यापेक्षा एक घोडा जास्त निघालं, म्हणजे त्या सहांतला एक फाइलचा नव्हताच. नितीनने स्वतःच आलेखावर वाकून पाहिलं. "म्हणजे पाच, सहा नाय," तो म्हणाला, आणि पट्टे सोडायला गेला.

मला गिरगावला परतायचं होतं, म्हणून मी पर्स उचलली. सदाभाऊ दारापर्यंत आले, पण मला पोचवायला नव्हे. त्यांनी घरी फोन लावला होता.

"अगो, ऐकतंस? नित्या इलो हा. हां, हंयच आसा. रात्री जेवक येतलो, बाजारात जावन मासे हाड." मग आवाज जरासा दाबून, पण मला ऐकू येईल इतपत, "सहा इल्ले गो. एक तेनाच काढल्यान."

पलीकडून वहिनी काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. फोन बंद झाला तरी सदाभाऊ तो कानाला तसाच धरून उन्हात उभे होते, आणि आत पट्टे सोडणाऱ्या भाच्याकडे बघत होते. मी हात केला, तो त्यांनी पाहिलाच नाही. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.